ठमीची माणसं

"दोन्ही पोरांना चालवत दीपगृहापर्यंत नेऊन दाखवा, मग बोला," असं साडू म्हणाले, आणि नेमकं जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत म्हणाले. एकट्यात कुणी काही बोललं तर ठमीचे बाबा सोडून देतात. चारचौघांत बोललं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात.

पैज ठरली. किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत, मुक्काम करत, चार दिवसांत पोरांसकट दीपगृह गाठायचं. गाठलं तर साडूंनी जन्मात पुन्हा "आमच्या गाडीतून चला ना" म्हणायचं नाही. नाही गाठलं तर पुढच्या वर्षीची अख्खी सुट्टी साडूंच्या घरी काढायची आणि त्यांनी स्वतः काढलेले सहलींचे व्हिडिओ बघायचे. बाबांनी त्यातला धबधब्याचा व्हिडिओ एकदा पाहिला होता. धबधबा शेवटपर्यंत साडूंच्या मागे होता.

बाबा एका गोदामात माल पाठवणीचे प्रमुख. त्यांनी पाठपिशवी वजनकाट्यावर ठेवून भरली. साबणाची वडीसुद्धा अर्धी कापली.

"अहो, अर्ध्या साबणानं काय होणार आहे?" आई म्हणाली.

"थेंबाथेंबानंच वजन वाढतं. मी रोज बघतो."

आईनं उरलेला अर्धा साबण स्वतःच्या खिशात टाकला.

ठमी चार वर्षांची आणि तिचा दादा सात वर्षांचा. दादाला खोटं बोलता येत नाही. या गुणाचं घरात सगळ्यांनी कौतुक केलंय, आणि तो सगळ्यांनाच नडलाय.

पहिल्या सकाळी पोरं अशी काही चालली की बाबांनी साडूंना फोटो पाठवला. मग ठमीनं एक दगड उचलला. नारळाएवढा, करडा, वर पांढरी रेघ.

"ही आजीबाई. तिला शेंडी आहे. तिला पिशवीत बसायचंय."

एका दगडानं काय होतंय, म्हणून बाबांनी आजीबाईला पिशवीत घेतलं. इथं त्यांचं चुकलं. आजीबाईला एकटं वाटायला लागलं, म्हणून डॉक्टर आला. डॉक्टर आहे म्हटल्यावर पेशंट हवाच, म्हणून 'आजारी' आला. आजारीला थंडी वाजत होती, म्हणून बाबांचा एकुलता एक कोरडा मोजा त्याच्या अंगावर गेला. दुसऱ्या दिवशी गब्दुल आला. गब्दुलला उचलायला बाबांना खाली बसावं लागलं आणि उठायला आईचा हात धरावा लागला.

"समुद्रावर जागोजागी दगड असतात, ठमे. तिथे पोचलो की दुसरे घेऊ."

"हे दगड नाहीत," ठमी म्हणाली. "माझी माणसं आहेत."

तिसऱ्या दिवशी दुपारी पोरं वाळूत बसून ब्रेड खात असताना बाबा पिशवी घेऊन एका उपड्या होडीमागे गेले. परत आले तेव्हा त्यांची चाल बदललेली होती. आईनं पाहिलं आणि ओळखलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

तासाभरानं पुढच्या गावात चहाला थांबले. ठमी म्हणाली, "आजारीला औषध द्यायचंय."

"तो झोपलाय."

"मग उठवते."

पिशवी उघडली. आत मोजा होता, आजारी नव्हता.

"बाबांनी टाकले," दादा म्हणाला. "होडीच्या मागे. मी बघितलं."

ठमीनं असं भोकाड पसरलं की चहावाल्यानं पातेलं खाली ठेवलं. बाबा धावत किनाऱ्यावर गेले आणि चार दगड घेऊन आले. "हे बघ! आली की नाही तुझी माणसं!"

ठमीनं रडं थांबवलं आणि पहिला दगड उलटसुलट करून पाहिला. "हा कोण?"

"ही... आजीबाई."

"शेंडी कुठाय?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई थेट साडूंसारखी हसली, आणि म्हणाली, "पाठवणीप्रमुख, माल परत आणा."

चौघंही मागे फिरले. होडीमागे ठमीची माणसं गोदामाच्या शिस्तीत रचलेली होती, जड खाली, हलकी वर. आजारीच्या अंगावर पुन्हा मोजा चढला. मुक्काम पुन्हा आदल्या रात्रीच्याच लॉजवर. मालकीणबाईंनी विचारलं, "काही राहिलं होतं का?"

"आजीबाई राहिली होती," दादा म्हणाला.

"अगं बाई! म्हातारं माणूस विसरता?" बाईंनी त्या दिवशी बाबांशी पुन्हा बोलणं ठेवलं नाही.

शेवटच्या दिवशी आता दीड दिवसाचं चालणं उरलं होतं. आईच्या टाचेला फोड आला, पोरं रेंगाळायला लागली, बाबांची पाठ बोलायला लागली. पण बाबांच्या डोळ्यांपुढे सारखा तो धबधबा येत होता. उन्हं कलली आणि लांबवर दीपगृह दिसलं. मध्ये नुसती वाळूच वाळू. आणि त्या वाळूतून धूळ उडवत साडूंची गाडी.

"म्हटलं, राहवलं नाही!" साडू खिडकीतून ओरडले. "बसा बसा! लाजू नका!"

"बसणार नाही," बाबा म्हणाले.

"तुमची मर्जी." साडूंनी ऐटीत गाडी वळवली आणि गाडीची मागची चाकं वाळूत रुतली. जितका जोर लावला तितकी ती खाली गेली. समोरून भरतीचं पाणी येत होतं.

"चाकाखाली काहीतरी घाला हो! दगड बघा!" साडूंचा आवाज बदलला होता. नव्या गाडीचे हप्तेसुद्धा अजून कोवळे होते.

दगड कुठेच नव्हते. सगळ्यांनी हळूहळू बाबांच्या पाठीकडे पाहिलं.

"नाही," ठमी म्हणाली.

"ठमे, सोन्या, काका तुला चॉकलेट देतील."

"आजीबाईच्या अंगावर गाडी?"

पाणी आणखी जवळ आलं. साडू, ज्यांना लोक गाडीतून उतरलेलं सहसा पाहत नाहीत, ते वाळूत गुडघ्यांवर बसले. ठमीनं विचार केला. "मग काकांनी आजीबाईला उचलून न्यायचं. तिचं अंग दुखेल ना. आणि चालत. तिला गाडी लागते."

काका कबूल झाले. ठमीची चारही माणसं चाकाखाली गेली, गाडी हिसका देऊन बाहेर आली. आई पट्कन स्टिअरिंगमागे बसली, टाचेवर हात फिरवला आणि "मी दीपगृहापाशी थांबते," म्हणून निघूनही गेली. बाकीची तिघं पिशवीत परतली, आणि आजीबाईला कुशीत घेऊन साडू चालायला लागले.

दीपगृहाच्या दाराला आधी दादानं हात लावला, मग ठमीनं. बाबांनी पिशवी खाली टाकली आणि डोळे पुसले. घाम होता, असं ते नंतर म्हणाले. साडू बऱ्याच मागून, रिकाम्या हातांनी आले.

"आजीबाई?" ठमीनं विचारलं.

"ती ना... ती पुढे गेली."

"काकांनी टाकली," दादा म्हणाला. "तिकडे, वाटेतल्या बाकाच्या मागे. मी बघितलं."

"तुम्हीच आणा," ठमी पायरीवर बसत म्हणाली. "मी दमले. खोटी आणलीत तर मला कळतं."

साडूंनी गाडीकडे पाहिलं. आईनं काच वर केली.

थोड्या वेळानं बाबांचा फोन वाजला. "साडूभाऊ, इथं बाकामागे ढीग आहे हो दगडांचा! त्यातली तुमची कोणती?"

बाबांनी निवांत बूट काढले, पाय पसरले.

"शेंडी बघा," ते म्हणाले.