कात्रीने कुरतडलेले दोन इंच

पडद्याची दोरी. कॅलेंडरमधला सबंध मार्च. राखाडी कोट, छाती अडतीस. सहा वर्षं घरी न आलेला एक मुलगा. बटणांचा अर्धवट उघडा खण.

यातल्या दोरीचा आणि मार्चचा निकाल कात्रीने लावला. कात्री म्हणजे शिंप्याच्या दुकानातल्या लव्हबर्ड जोडीतली मादी. कागद दिसला की ती तो काठाने सरळ कुरतडायची, पट्टी शेपटीवरच्या पिसांत खोचायची आणि भुर्रकन उडायची. नर नुसता बघत बसायचा.

"अंधारा कोपरा दिसला की तिला घरटं सुचतं," शिंप्याची बायको सांगून थकली होती. "खण बंद ठेवा. पिंजऱ्यात पुठ्ठा टाका, काड्या टाका, तिथे कुरतडू दे. आणि खांद्यावर घेऊन मिरवू नका!"

"अगं, हाताखाली शिकतेय ती. सरळ कापते बघ."

शेजारचा घड्याळवाला नवा राखाडी कोट घालून आला. बायको गेल्यापासून तो एकटाच राहायचा.

"मास्तर, ढगळ झालाय रे."

शिंप्याने वही काढली. छाती अडतीस. कोट टेबलावर पसरून लोखंडी पट्टी लावली. अडतीस.

"कोट बरोबर आहे. तूच आटलास."

"महिन्याभरात? पुन्हा घे की माप."

"तीस वर्षांत माझं माप चुकलेलं नाही. तब्येतीकडे बघ जरा."

त्याच आठवड्यात बँकेतल्या बाईंचं जाकीटही सैल झालं. साखर सोडल्याचा गुण, म्हणत त्यांनी खुशीत आणखी दोन शिवायला टाकली. शिंप्याची उरलीसुरली शंकाही फिटली.

घड्याळवाला डॉक्टरकडे जाईना. "रोगाचं नाव कळलं की झोप जाते," म्हणाला. त्याने मुलाला पत्र टाकलं, एकदा भेटून जा. मग दुकानातलं लंबकाचं घड्याळ आणून शिंप्याला दिलं. शिंप्याने "कशाला, कशाला" म्हणत ते भिंतीवर लावलंही.

पंधरा दिवसांनी बटण शोधायला शिंप्याने खण पूर्ण ओढला. आत घरटं. मार्च होता, दोरी होती आणि मधोमध एक पिवळी पट्टी. तिच्यावर आकडे, एक आणि दोन.

त्याने गळ्यातली टेप उतरवली. पहिला आकडा तीन. टेपचं टोक कायम त्याच्या अंगठ्याखाली असायचं, ते बघायची त्याला कधी गरज पडली नव्हती. माणसं टेपने मोजायची, कापड लोखंडी पट्टीने. दोघींची गाठच पडत नसे.

बायकोला ते दाखवून, नवी टेप खिशात टाकून तो तसाच शेजारी गेला.

"तुला काही झालेलं नाही. तू छत्तीसच होतास. दोन इंच त्या पाखराने खाल्ले."

घड्याळवाल्याने डोळ्याचं भिंग काढून ठेवलं. "कुणाला बोललास?"

"बायकोला."

"तिला गप्प राहायला सांग. उद्या मुलगा येतोय. कोट अजून एक इंच सैल कर."

"अरे, पोराशी खोटं वागायचं?"

"सहा वर्षं खरं लिहिलं, मास्तर. मजेत आहे, सवडीने ये. आला?"

शिंप्याने खिशातून नवी टेप काढली, या वेळी टोक नीट बघून घेतलं.

"हात वर कर."

छत्तीस यायला हवे होते. चौतीस आले. त्याने टेप उलटीसुलटी करून पाहिली आणि पुन्हा लावली. चौतीस.

"किती सैल करतोस?" घड्याळवाल्याने हात वर ठेवूनच विचारलं.

"राहू दे. सैल करायची गरज नाही."

'तूच आटलास' हे ऐकल्याच्या संध्याकाळपासून घड्याळवाला एकच वेळ जेवत होता, तेही अर्धं.