तोंडी परीक्षा आणि तिसरा मजला

सकाळी अकरा वाजता साइटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये माझी ऑनलाइन तोंडी परीक्षा सुरू झाली, आणि त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावर स्लॅब ओतायला सुरुवात झाली. दोन्ही आघाड्या मी एकटा सांभाळणार होतो! आठ महिने घरबसल्या प्रोजेक्ट मॅनेजरचा अभ्यासक्रम केला होता. पास झालो तर बढती. नापास झालो तर त्या खुर्चीत मालकांचा मेहुणा बसणार, हे मालकांनी तोंडावर सांगितलं होतं.

परीक्षेचा नियम एकच: कॅमेऱ्यासमोरून उठलात की बाद.

"समजा, स्लॅब ओतताना खालचे टेकू खचू लागले," इयरफोनमधून परीक्षक बाई म्हणाल्या. "काय कराल? साइटवर असल्यासारखं बोला."

मी छाती फुगवली. "काम थांबवा! सगळ्यांना खाली उतरवा! मालकांना बोलवा!"

पत्र्यापलीकडे मुकादम उभा होता. त्याला प्रश्न ऐकू गेला नाही, उत्तर तेवढं गेलं. आणि आमच्या साइटवर आधी हुकूम पाळायचा, मग विचारायचं, ही शिस्त मीच लावलेली! मिक्सरची घरघर थांबली. माणसं शाळा सुटल्यासारखी शिडीवरून उतरू लागली.

"वा! मागचा आवाजसुद्धा थांबला!" बाई खूश.

मुकादम दारात. "साहेब, उतरवले सगळे. मालक निघालेत."

मी दाराकडे मान वळवली. "अरे, चालू कर काम!"

"टेकू न तपासता?" बाईंच्या भुवया चढल्या.

"नको, नको! चालू नको करू!"

"साहेब, एक काय ते ठरवा," मुकादम कळवळला. "माल घट्ट होतोय!"

"आधी टेकू तपास!" मी ओरडलो. तो पळाला.

मालक आले ते उकळत्या डांबरासारखे. "अर्धा स्लॅब ओतून थांबवलास? आता जुन्या-नव्या काँक्रीटमधला सांधा कोण भरणार, तुझे मास्तर?"

"मालकाची भूमिका करणारे गृहस्थ फारच छान," बाई म्हणाल्या. "त्यांना शांत करून दाखवा. दहा गुण."

"मालक, शांत व्हा," मी म्हणालो. दहा गुण तिथेच गेले.

इतक्यात मुकादम धापा टाकत परतला. "साहेब, तीन टेकू खरंच खचलेत!"

मालक माझ्याकडे बघतच राहिले. "तुला इथं बसून कसं कळलं?"

टेकू आधीच खचले होते, असं मुकादम म्हणतो. पळापळीत खचले, असं मालक म्हणतात. मला दोघांचंही पटतं.

"ऊठ, वर चल," मालक म्हणाले, "नाहीतर घरी जा!"

"उठू नका," कानात बाई, "बाद व्हाल!"

मी अर्धा उठलो.

टेकू बदलले आहेत. स्लॅब अर्धाच आहे. माझा निकाल राखून ठेवला आहे, कारण अर्धवट उठलेल्या उमेदवाराबद्दल नियमांत काहीच नाही, असं संस्थेनं कळवलं आहे. खुर्ची अजून रिकामी आहे. काल मेहुण्यानं तिच्यासाठी उशी पाठवली.