मोटरीतलं सोवळं

अंजनेरीच्या अलीकडे चढ लागला आणि इब्राहिमने मोटर थांबवली. "उतरा सगळे," तो म्हणाला.

कोणी हललं नाही. त्र्यंबकला पूजेसाठी निघालेली अंबूबाईंची मंडळी पंचवटीत नदीवर आंघोळ करून सोवळ्यात बसली होती. लोखंडाला विटाळ नसतो, असा निर्णय उपेंद्रशास्त्र्यांनी निघतानाच दिला होता. ते स्वतः मानाच्या जागी, इब्राहिमशेजारी बसले होते. मध्ये फक्त एक पाट उभा केला होता.

"चढ आला की तुझं हे नेहमीचंच," शास्त्री म्हणाले. "मागच्या खेपेला ढकलून ढकलून खांदा धरला माझा. आज सोवळ्यात आहोत. आज ढकलणार नाही."

"ढकलायचं नाय, बुवा. आग लागलीय."

"मागे इंजिनाला ताप आला होता. आता आग."

अंबूबाईंचा पुतण्या बाळाजी नुकताच बी. एस्सी. झाला होता. त्याने वाकून पाहिलं. बॉनेटच्या फटीतून काळा धूर येत होता, आणि धुराच्या मुळाशी पिवळी ज्वाळा होती.

"काकू, खरंच पेटलंय. पेट्रोलची टाकी पुढच्या बाकाखाली असते, म्हणजे बरोबर शास्त्रीबुवांच्या खाली. मुळात जळते ती पेट्रोलची वाफ. ती हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली की..."

"किती प्रमाणात?" शास्त्र्यांनी विचारलं. त्यांना वादाची आवड होती.

बाळाजी आठवू लागला.

"वाद कसले घालताय?" अंबूबाईंनी गडू पुढे केला. "हे गंगेचं पाणी ओता त्यावर."

"नको, काकू. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, आग आणखी पसरेल. माती टाकायला हवी. पण आधी उतरा."

"उतरलं की हा ढकलायला लावतो," शास्त्री म्हणाले.

इब्राहिमने इंजिन केव्हाच बंद केलं होतं. त्याने शांतपणे पाट बाजूला काढला. "बरं. मग मी एकेकाला हाताला धरून उतरवतो. पहिले बुवा."

त्याचा हात पुढे येताच शास्त्री दार न उघडता बाहेर पडले. हात मागच्या बाकाकडे वळला, तेव्हा तिथे कोणीच उरलं नव्हतं.

बाळाजीने मंडळींना वारा येत होता त्या बाजूला, लांब नेऊन उभं केलं. बॉनेट न उघडता त्याने आणि इब्राहिमने खांद्याला खांदा लावून फटींतून माती लोटायला सुरुवात केली. तेवढ्यात पाट आणायला म्हणून शास्त्री परत निघाले. बाळाजीने धावत जाऊन त्यांचा दंड पकडला. सोवळं मोडलं, शास्त्री शाबूत राहिले.

आग विझली. बैल जोडून मोटर त्र्यंबकला नेली. कुशावर्तावर पुन्हा आंघोळी झाल्या, पूजा उरकली, तोवर पेट्रोलची गळकी नळीही सांधून झाली.

परतीच्या वाटेवर एका चढाच्या पायथ्याशी इब्राहिमने मोटर थांबवली. तो खाली उतरला, चार पावलं दूर गेला आणि बिडीसाठी त्याने काडी ओढली.

काडी बिडीपर्यंत पोचायच्या आत मोटर रिकामी झाली होती. सर्वांत पुढे बाळाजी होता. पाट आणायला या वेळी कोणी परत गेलं नाही.

इब्राहिमने सावकाश दोन झुरके घेतले, बिडी चुरगाळून विझवली आणि मंडळींकडे पाहिलं.

"आता उतरलाच आहात, तर..."