प्रांजलचं दुसरं पान

अर्जाची मुदत उद्या संध्याकाळी पाचला संपणार होती आणि प्रांजल घाडीगावकरच्या टेबलावरचे दोन कागद नाहीसे झाले होते.

कागद साधेसुधे नव्हते. पीएच.डी.च्या अर्जाबरोबर ते निवेदन जोडायचं होतं. आपण कोण, कुठून आलो आणि आपल्याला मानसशास्त्रातच संशोधन का करायचंय, हे दोन पानांत, इंग्रजीत. पहिल्या खेपेला प्रांजलने 'मानवी मनाविषयी मला लहानपणापासून कुतूहल होते' अशी सुरुवात करून छान गुळगुळीत मजकूर केला होता. तिला एम.ए.ला शिकवणाऱ्या बोरिवलीच्या संघमित्रा मॅडमनी तो वाचला आणि परत तिच्या हातात ठेवला.

"अगं, हे कोणीही लिहील. यात तू कुठायस?"

"म्हणजे काय लिहू, मॅडम?"

"तुला आतून काय कुरतडतंय ते लिही. नसेल काही कुरतडत, तर बँकेच्या परीक्षा दे."

प्रांजल घरी आली आणि पंधरा वर्षांत जे कोणालाही सांगितलं नव्हतं ते तिने एका बैठकीत दुसऱ्या पानावर लिहून काढलं. कागदावर वाचलं की चुका दिसतात म्हणून एक प्रत छापली. आज सकाळी ती मॅडमचं शिफारसपत्र आणायला गेली, ती चारला मुलुंडला परतली. बघते तर टेबल स्वच्छ.

"आई, इथले कागद कुठायत?"

"ते होय?" रत्नप्रभाबाई स्वयंपाकघरात आंबोळ्या घालत होत्या. "भावजींकडे दिले. तपासायला."

प्रांजलच्या खांद्यावरची बॅग खाली पडली.

"काकांकडे?"

"मग कोणाकडे देऊ? इंग्रजी कोणाला येतं आपल्यात? तीस वर्षं कोर्टात टायपिंग केलंय त्यांनी. जज्जसाहेब चुकायचे, पण हे नाही. आंबोळ्यांच्या ताटात घालून दिले. तुझ्या बाबांना नको सांगूस."

बाबांना न सांगण्याचं कारण साऱ्या इमारतीला ठाऊक होतं. चाळ पाडून ही इमारत झाली तेव्हा घाडीगावकर बंधूंना चौथ्या मजल्यावर समोरासमोर दोन घरं मिळाली. एकाच्या खिडक्या शाळेच्या मैदानावर उघडतात, त्याला सगळे उजेडाचं घर म्हणत. दुसऱ्याच्या खिडक्या नाल्यावर. उजेडाचं घर थोरल्या लवूंना मिळालं, नाल्याकडचं धाकट्या शिवदासना. तेव्हापासून दोघा भावांत एक शब्द नाही. दारं सहा फुटांवर. बायका एकमेकींकडे फणसाची भाजी पाठवत, एकमेकींची पार्सलं घेऊन ठेवत. भाऊ मात्र जिन्यात समोरासमोर आले, तर दोघांनाही एकदम चपलेचा अंगठा नीट करावासा वाटे.

आणि हे असं का झालं, ते त्या दुसऱ्या पानावर लिहिलेलं होतं.

प्रांजल अनवाणीच समोरच्या घरात शिरली. शिवदास काका खिडकीपाशी बसले होते. एका हातात लाल पेन, दुसऱ्या हातात पट्टी. एकेका ओळीखाली पट्टी सरकवत ते वाचत होते.

"अठरा चुका," काका मान वर न करता म्हणाले. "एम.ए. झालीस ना गं तू?"

"काका, कागद द्या. जुना मसुदा आहे तो. चुकून आला."

"जुना असो नाहीतर नवा. स्वल्पविराम हा काय अक्षता टाकल्यासारखा टाकायचा असतो?" काकांनी पान उलटलं. मागे कोरं होतं. "आणि दुसरं पान कुठाय?"

"दुसरं?"

"वैनीने एकच पाठवलंय. बघ, शेवटी लिहिलंयस, 'खरी गोष्ट अशी आहे की,' आणि पान संपलं. पुढे काय? खरी गोष्ट आहे तरी काय?"

प्रांजलला इतकं हायसं वाटलं की तिने काकांच्या हातून पान जवळजवळ हिसकावलंच. "काही नाही काका, असंच. सिद्धांत वगैरे." पण मागे वळता वळता तिच्या लक्षात आलं. दुसरं पान इथे नाही. मग ते आहे कुठे?

"आई, तू किती कागद नेलेस?"

"होते तेवढे नेले गं. मोजून नेऊ काय?" रत्नप्रभाबाईंनी उलथणं हलवत आठवण्याचा प्रयत्न केला. "पंखा चालू होता. एखादा उडाला असेल."

प्रांजल टेबलाखाली शिरली. मग सोफ्याखाली, चपलांच्या कपाटामागे. सोफ्याखाली एक कंगवा आणि दिवाळीतलं चकलीचं टोक मिळालं. पान नाही.

"बाबा कुठायत?" तिने जमिनीवरूनच विचारलं.

"आतल्या खोलीत. फिरून आले, दारात काहीतरी नोटीस पडली होती म्हणाले. त्यावर त्यांचं नाव होतं म्हणे. वाचतायत."

लवू घाडीगावकरांनी भांडुपच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनजवळ पस्तीस वर्षं काढली होती. त्यामुळे त्यांना दोन गोष्टी झाल्या होत्या. ऐकू कमी येई आणि इंग्रजी कागदाचा धसका बसला होता. दोन्हींवर इलाज म्हणून प्रांजलनेच त्यांना शिकवलं होतं, की फोन कागदावर धरायचा, बटण दाबायचं, फोन इंग्रजीचं मराठी करतो आणि मोठ्याने वाचूनही दाखवतो. आवाज ते कायम शेवटच्या टोकाला ठेवत.

प्रांजल खोलीच्या दाराशी पोचली तेव्हा फोनने नुकताच घसा साफ केला होता.

"मी दहा वर्षांचा होतो," एक बाई खणखणीत, कोरड्या आवाजात म्हणाली. "माझे वडील लवू यांनी मला एक संदेश वितरित करण्यास सांगितले."

"बाबा, बंद करा!"

लवूंनी तिच्याकडे न बघता पंजा वर केला. थांब.

"संदेश असा होता. शिवदासला सांग, तेजस्वी सपाट तू घे."

बाहेरचं दार प्रांजलने येताना उघडंच टाकलं होतं. समोरचंही उघडंच होतं. फोनवाल्या बाईचा आवाज जिन्यापर्यंत जात होता.

"मी संदेश बदलला. मी काकांना सांगितले की तेजस्वी सपाट आम्ही घेणार. मी खोटे बोललो. त्या दिवसापासून दोन भाऊ बोलले नाहीत. माझे संशोधन तिथून सुरू होते."

फोन गप्प झाला. स्वयंपाकघरात तव्यावर आंबोळी चरचरत होती. हा क्षण प्रांजलने मनात शंभर वेळा उभा केला होता. त्यात बाबा कधी ओरडत, कधी रडत, कधी छातीला हात लावत. प्रत्यक्षात लवूंनी चष्मा काढला आणि विचारलं,

"सपाट म्हणजे काय गो?"

"फ्लॅट, बाबा."

"आणि तेजस्वी?"

"उजेडाचा."

लवूंचे ओठ हलले. त्यांनी सगळं वाक्य मनातल्या मनात परत जुळवलं असावं, कारण त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्या दिवशी दुसऱ्या पाळीला जायची घाई होती. भरलेला फॉर्म सोसायटीला दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता. शिवा कोर्टातून यायचा होता. म्हणून त्यांनी पोरीला सांगितलं होतं. कामावरून परतल्यावर पोरीने उत्तर आणलं, 'काका म्हणाले, मला नाल्याकडचंच बरं.' आपण उजेड देऊ केला आणि धाकट्याने तो पायाने लोटला, असं त्यांनी पंधरा वर्षं धरून ठेवलं होतं.

"कित्याक?" त्यांनी फक्त कारण विचारलं.

"मैदानापलीकडच्या बिल्डिंगमध्ये श्वेता राहायची. माझी मैत्रीण. आपल्या खिडकीतून तिची खिडकी दिसायची. आम्ही हातवारे करून बोलणार होतो."

"खंय गेली ती?"

"सहा महिन्यांनी विरारला गेली."

रत्नप्रभाबाई उलथणं घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांच्या मागे शिवदास काका उभे होते. हातात लाल पेन तसंच होतं. या घराचा उंबरा त्यांनी पहिल्यांदाच ओलांडला होता. त्यांच्या पाठीशी माणिक काकी टाचा उंचावून बघत होत्या.

लवूंनी भावाकडे पाहिलं. चपलेकडे बघायची सोय नव्हती, पायात चप्पलच नव्हती.

"शिवा," ते म्हणाले. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"माजो काय दोष नाय ह्यात."

"माका म्हायत होता," शिवदास म्हणाले.

प्रांजलला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. कानाचा त्रास आता आपल्यालाही सुरू झाला.

"काय माहीत होतं, काका?"

काकांनी पेनाचं टोपण लावलं आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं तसं स्वच्छ मराठीत सांगितलं. "घराचा ताबा घेतल्यावर महिन्याभराने सोसायटीच्या ऑफिसात दादाचा फॉर्म माझ्या हातात आला. दादाच्या अक्षरात उजेडाच्या घरासमोर माझं नाव होतं. ते खोडून खाली स्वतःचं घातलेलं. मी काय समजायचं ते समजलो. निरोप्या एकच होता."

"मग सांगितलं का नाही?" प्रांजल जवळजवळ किंचाळलीच.

"सांगितलं असतं, तर दादाने तुझी पाठ सोलली असती. तेव्हा त्याचा हात कसा होता, ते तुला नसेल आठवत."

लवूंनी आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला. मग बायकोकडे पाहिलं.

"माजो हात इतको वायट होतो?"

रत्नप्रभाबाई उठल्या आणि करपणारी आंबोळी काढायला निघून गेल्या. लवू बराच वेळ त्या रिकाम्या दाराकडे बघत राहिले.

तेवढ्यात माणिक काकींना वाचा फुटली. "थांबा, थांबा. म्हणजे तुम्हाला माहीत होतं? हे घर आपल्याला मिळत होतं, आणि तुम्ही पंधरा वर्षं मला नाल्याचा वास घ्यायला लावलात?"

"माणिक, मुद्दा तो नाही."

"माझा तोच आहे!"

"बरां, पोरगी ल्हान होती," लवू मध्येच म्हणाले. "पण मगे ती मोठी झाली. दहावी झाली, एम.ए. झाली. माजो हात केव्हाच खाली इलो. तेव्हा कित्याक बोललंस नाय?"

कोर्टात एक शब्द न अडखळणारा माणूस पेनाच्या टोपणाशी चाळा करत राहिला.

प्रांजल भिंतीला टेकून खाली बसली. पंधरा वर्षं तिने हा गुन्हा जपला होता. त्याच्यापायी ती मानसशास्त्राला गेली. वर्गात 'अपराधभाव' हा शब्द आला की खाली मान घालत आली. आणि आता कळत होतं की गुन्हा महिन्याभरातच उघडकीला आला होता, आणि पुढची चौदा वर्षं अकरा महिने तिचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता. आनंद व्हायला हवा होता. पण आपलं पाकीट मारलं गेल्यासारखं वाटत होतं.

काकांनी पलंगावरचं दुसरं पान उचललं आणि उभ्या उभ्या वाचलं.

"व्याकरण बरं आहे या पानाचं," ते म्हणाले. "पण हे देता येणार नाही."

"का?"

"खोटं आहे. आम्ही तुझ्यामुळे बोलत नव्हतो, असं लिहिलंयस. उलटतपासणीत दोन मिनिटं टिकणार नाही."

"मग कशामुळे बोलत नव्हता? तेच लिहिते. उद्या पाचला मुदत आहे, काका!"

दोघे भाऊ एकमेकांकडे बघू लागले. आधी तू सांग, असा तो प्रकार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोघे प्रांजलच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसले. एकाने सांगायचं, दुसऱ्याने खोडायचं. लवू म्हणत होते की हे सगळं आजोबांच्या सायकलवरून सुरू झालं. शिवदास म्हणत होते की सायकल नंतरची, आधी मालवणची जत्रा. पंधरा वर्षांचं साठलेलं बोलणं बांध फुटल्यासारखं वाहत होतं आणि त्यात प्रांजलच्या कामाची एक ओळ नव्हती. माणिक काकी मध्येच येऊन उजेडाच्या घरातल्या खिडक्यांची मापं घेऊन गेल्या. पडद्यांसाठी, म्हणाल्या. त्यांना कोणी अडवलं नाही. त्यांच्याकडे बघायची कोणाची छाती नव्हती.

साडेतीनला प्रांजलने दोघांनाही खोलीबाहेर घालवलं, कडी लावली आणि दुसरं पान नव्याने लिहिलं. जे घडलं ते सगळं लिहिलं, फोनवाल्या बाईसकट. शेवटी लिहिलं, 'पंधरा वर्षं मला वाटत होतं की मला कारण माहीत आहे. काल कळलं की माहीत नाही. म्हणून अर्ज करते आहे.' चार वाजून बावन्न मिनिटांनी अर्ज गेला. अठरापैकी चौदा चुका दुरुस्त झाल्या होत्या. उरलेल्या चारांबद्दल काका आजही हळहळतात.

दीड महिन्याने मुलाखत झाली. टेबलापलीकडे तिघे प्राध्यापक होते. मधल्या वयस्कर बाईंसमोर निवेदनाचं दुसरं पान होतं.

"हे खरं आहे?" त्यांनी विचारलं.

"हो, मॅडम."

"आता बोलतात का ते?"

"थांबतच नाहीत. बाहेर बाकावर बसलेत दोघं."

दाराबाहेरून खरोखरच दोन म्हातारे आवाज येत होते. सायकल कोणाची, यावर अजून एकमत झालेलं दिसत नव्हतं.

"पण मग काकांना विचारलंत की नाही? मुलगी मोठी झाल्यावरही ते का बोलले नाहीत?"

"विचारलं, मॅडम. पुन्हा एकटं बसवून विचारलं."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, सांगतो, पण अगदी सुरुवातीपासून सांगावं लागेल. किती वेळ लागेल विचारलं, तर म्हणाले, चार-पाच वर्षं धरून चाल."

बाईंनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मग पेन उघडलं.

"हरकत नाही," त्या म्हणाल्या. "पीएच.डी.चीही मुदत साधारण तेवढीच असते."