उजव्या कानाची बदली

माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या उजव्या कानाने सोमवारी सकाळी कारखान्यात जायला नकार दिला. डावा कान यंत्रमागांच्या खडखडाटात कायमचा गेला होता. आता उजवा एकटाच उरला होता.

कान फार हळू बोलायचा, म्हणून आम्ही सगळे आण्णांच्या खांद्याशी गोळा झालो.

"मीही गेलो तर मागे कोणी नाही," कान म्हणाला. "माझी घरी बदली करा."

"आणि माग काय डोळ्यानं ऐकू व्हय?" आण्णा म्हणाले. त्यांचा प्रश्न योग्य होता. सुताची तार तुटली किंवा आडवा दोरा नेणारा धोटा अडला की मागाचा आवाज बदलतो. तेवढ्यावरच त्यांची नोकरी उभी होती.

मी कानाच्या बाजूने होते. आण्णांना घेऊन मी कारखान्याच्या दिवाणजींकडे गेले.

"एका कानाला सवलत दिली तर उद्या सगळ्यांचे कान मागतील," चौगुले दिवाणजी म्हणाले.

"मग द्या सगळ्यांना. इथे माणसं बहिरी होतात, हे तुम्हाला ठाऊक नाही का?"

दिवाणजींनी कानामागे तळवा धरला. "काय म्हणालीस, पोरी?"

मी पुन्हा सांगितलं.

"माणूस कामावर पाहिजे," ते म्हणाले. "कान कुठं ठेवायचा ते तुमचं तुम्ही बघा."

मंगळवारपासून कान घरी राहिला, स्वयंपाकघरातल्या फळीवर, मऊ फडक्यावर. आण्णा मागाच्या चौकटीवर हात ठेवून तुटलेली तार ओळखायला शिकले. पहिल्या आठवड्यात बरंच कापड वाया गेलं, पण जमलं.

कान मात्र सुकत चालला.

"इथे कारखान्याच्या शेडपेक्षा जास्त आवाज आहे," तो म्हणाला.

आम्हाला राग आला. पण खोटं नव्हतं. आमच्या गल्लीत पुरुष कारखान्यातून बधिर होऊन येतात, त्यांना ऐकू जावं म्हणून बायका मोठ्याने बोलतात, आणि पोरं बोलायला आयांकडूनच शिकतात. शेजारीण मीठ मागते तेव्हा चौकात कळतं.

"मी कुठं वरडतीया?" आईने विचारलं. मांडणीवरची ताटं किणकिणली. कान भिंतीकडे सरकला.

"असंच चालणार असेल," तो म्हणाला, "तर मलाही डाव्यासारखं जावं लागेल."

आई खाली बसली. दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि कानासमोर सराव सुरू केला. सुरुवातीला नुसते ओठ हलायचे. आवाज एक तर गल्लीभर जायचा, नाहीतर निघायचाच नाही. मधला कुठे असतो ते तिला माहीतच नव्हतं.

पुढच्या सोमवारी आण्णा कामावरून आले, हातपाय धुतले, कान जागेवर लावला आणि जेवायला बसले. आईने वाढताना वाकून काहीतरी म्हटलं. मी दारात होते, मला ऐकू आलं नाही.

आण्णांचा घास हातातच राहिला.

"परत म्हण," ते म्हणाले.

"ऐकू नाही आलं व्हय?"

"आलं."

तिने परत म्हटलं.