इंगवले काकांची चार चाकं

सत्तरीचा एक गृहस्थ भर बाजारात गाडीच्या चाकाला कान लावून त्यावर चहाचा चमचा वाजवताना दिसला, तर तुम्ही काय कराल? ओळख नसल्यासारखं दाखवून पुढे निघून जाल की नाही?

मीही पहिल्यांदा तेच करायला गेले. पण इंगवले काका माझे घरमालक. त्यांनी चंदीगडच्या मणीमाजऱ्यात, मोटर मार्केटमध्ये शंभर माणसांच्या देखत मला हाक मारली, "ए पत्रक! इकडे ये. हे चाक खरं बोलतंय का बघ."

चाकं खरं आणि खोटं बोलतात, हा काकांचा सिद्धांत. अलॉयच्या चाकावर चमचा मारला आणि घंटेसारखा नाद आला, तर चाक खरं. 'थड्' असं वाजलं, तर आत कुठेतरी तडा गेलाय आणि वरून रंग फासलाय. दुकानदार बिट्टू वैतागून म्हणाला, "अंकलजी, पहिया लेना है या कीर्तन करना है?"

काका शांतपणे म्हणाले, "बेटा, झूठे के साथ कीर्तन भी नहीं करते." आणि पुढच्या चाकाकडे वळले.

पत्रक म्हणजे मी. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग कामगारांच्या युनियनमध्ये. आमच्या घरी पाहुण्याच्या हातात पाण्याच्या आधी पत्रक पडायचं. मी मोहालीत कंप्युटरसमोर बसते आणि सेक्टर बावीसमध्ये काकांच्या वरच्या खोलीत राहते. खोली बघायला आले त्या दिवशीच मी त्यांना ऐकवलं होतं, की खाजगी मोटार हा समाजाविरुद्धचा गुन्हा आहे आणि मी सायकलच वापरते. काकांनी सगळं मन लावून ऐकून घेतलं. मग म्हणाले, "छान. पण पोरी, तुझ्या सायकलच्या मागच्या चाकाला आउट आहे, फिरताना डुलतंय." संध्याकाळच्या आत आउट काढून झाला होता. वर्गशत्रूशी असं वागतात का कधी?

काका मूळचे कराडचे. हवाई दलात इंजिनांची देखभाल करता करता वॉरंट ऑफिसर झाले, शेवटचं पोस्टिंग चंदीगडला होतं, ते इथेच राहिले. विमानं सुटली, पण एक प्रश्न सुटला नाही: "मॅन्युअल काय म्हणतं?" गीझर बिघडला, कुंडीतलं झाड सुकलं, मला सर्दी झाली, तरी तोच प्रश्न. स्वयंपाकघरात पिठलं कसं करावं याची सूचनावली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून चिकटवली आहे. कोणत्या दिशेने ढवळायचं तेही त्यात आहे. शेवटच्या कलमाखाली शैलाकाकूंनी पेन्सिलीने एक कलम वाढवलंय: 'गप्प बसून खावे.'

आणि ती गाडी. तीसेक वर्षांपूर्वी एका कोठीच्या, म्हणजे इथल्या भाषेत बंगल्याच्या, मागच्या अंगणात काकांना ती दिसली, तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. दोन सीटांची, छप्पर नसलेली, जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार. काकांनी आधी कोंबड्यांना नवं खुराडं बांधून दिलं आणि मग गाडी घरी आणली. आधी पुनर्वसन, मग विस्थापन! मला मान्य असलेलं हे देशातलं एकमेव संपादन.

तेव्हापासून त्या गाडीत मूळच्यापेक्षा वेगळा एक स्क्रू शिरलेला नव्हता. बाटलीसारखा हिरवा रंग आहे. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू होतं. फक्त मूळच्या चार अलॉय चाकांपैकी दोनांना तडे गेलेले, त्यामुळे गाडी घराच्या बाजूला विटांवर उभी. जुन्या गाड्यांची रॅली फेब्रुवारीत असते. तिचा पहिलाच नियम असा, की सगळे भाग कारखान्यातून निघाले तसेच हवेत. म्हणजे चाकंही तेरा इंचांचीच. काकांनी अर्ज भरून, लॅमिनेट करून, हत्यारांच्या फळीवर टांगून ठेवला होता. चाकं मिळाली की द्यायचा. आयुष्यात एकदा तरी त्या रॅलीत उतरायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

गाडी चालत नव्हती, म्हणून रिकामी होती असं मात्र नाही. हिवाळ्याच्या उन्हात डावीकडच्या सीटवर बसून काकू मेथी निवडायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "तीस वर्षं या गाडीत बसतेय, अजून फाटक ओलांडलं नाही. पिंजौरची बाग दाखवायला नेणार होते. तेव्हा माझे केस काळे होते."

"चाकं मिळू दे की," काका म्हणायचे.

"मला चाकं लागायच्या आधी मिळू देत म्हणजे झालं."

गेल्या वर्षी काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात झालं. झकास झालं. फक्त डॉक्टरांनी बजावलं, की यापुढे खाली, खोलगट जागी बसायचं नाही; बसल्यावर गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये. स्पोर्ट्स कारची सीट म्हणजे जमिनीपासून वीतभर. मेथी व्हरांड्यातल्या उंच खुर्चीवर गेली.

डिसेंबरात बिट्टूचा फोन आला. "अंकलजी, तेरह इंच! चारों के चारों, एक ही गाड़ी के, ओरिजिनल!" काकांसोबत मीही गेले, तत्त्व म्हणून बसने. काकांनी चमचा काढला. एक, दोन, तीन, चार. चारही चाकं देवळातल्या घंटेसारखी वाजली. माझ्यासारख्या मोटारद्वेष्टीच्याही अंगावर काटा आला. काकांनी ती चाकं हात फिरवून पाहिली, पुसली, रांगेत ठेवली. मग विचारलं, "पंद्रह में क्या है?"

बिट्टूने माझ्याकडे पाहिलं. मी बिट्टूकडे.

"अंकलजी, पंद्रह? मडगार्ड में रगड़ खाएगा जी."

"पता है."

काकांनी पंधरा इंचांची चार चाकं निवडली. बोल्टांमधलं अंतर मोजलं, चमचा वाजवला, त्यांच्यासाठी जाड टायर घेतले आणि टेम्पोत भरून घरी आणले. दुसऱ्या दिवशी घरात ग्राइंडरचा आवाज घुमला. तीस वर्षं जिच्या अंगावर ओरखडा येऊ दिला नाही, त्या गाडीच्या मडगार्डची आतली कड काका स्वतःच्या हाताने कापत होते!

मी पेटले. चकचकीत मोठ्या चाकांच्या फॅशनपुढे हा माणूस वाकला! मी एका बैठकीत 'तत्त्वच्युतीचा जाहीर निषेध' या मथळ्याचं पानभर पत्रक लिहिलं, त्यात 'बाजाराचे दलाल' हा शब्द दोनदा घातला, आणि खालच्या दारातून आत सरकवलं. अर्ध्या तासाने त्याची पोच वर आली. 'पत्र मिळाले. विचाराधीन. इंगवले.'

रविवारी सकाळी जिन्यावरून पाहिलं, तर गाडी चार चाकांवर उभी होती. दिसत होती मात्र चमत्कारिक, उंच टाचांचे सँडल घातलेल्या पैलवानासारखी. डाव्या सीटवर काथ्याची कडक, जाड गादी बसवलेली. काका जमिनीवर गुडघे टेकून टेपने जमीन ते गादी हे अंतर मोजत होते. एकदा मोजून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा.

मग काठी टेकत काकू आल्या. पाठमोऱ्या झाल्या, आधी टेकल्या, मग हॉस्पिटलात शिकवलं होतं तसे दोन्ही पाय एकदम आत वळवले. बसल्यावर काकांनी त्यांच्या गुडघ्याकडे पाहिलं. गुडघा कमरेच्या खाली होता.

"काय हो," काकू म्हणाल्या, "मॅन्युअल काय म्हणतं?"

"मॅन्युअल लिहिणाऱ्याने तुला कुठे बघितलं होतं?"

"गप्प बसा. वरून पोरगी ऐकतेय."

मी खाली उतरले. चेहरा कुठे लपवावा कळेना. "काका, रॅली?"

"रॅलीत बायकोला मंडपात बसवतात," काका हात पुसत म्हणाले. "हिला पिंजौर बघायचंय, मंडप नाही."

"माझं ते पत्रक... परत द्याल का?"

"दप्तरी दाखल झालंय. परत मिळत नाही."

गाडी फाटकाबाहेर पडली. काकूंनी डोक्यावरून स्कार्फ बांधला होता आणि समोर न बघता त्या सारख्या काकांकडेच बघत होत्या. काका रस्त्याकडे बघत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते.

खाजगी मोटारीबद्दलचं माझं मत अजून तेच आहे. तरीही तुमच्याकडे एक मागणी आहे, आणि ती मान्य झालीच पाहिजे. रविवारी सकाळी पिंजौरकडे जाणाऱ्या कालका रोडला तुमच्यापुढे एक हिरवी, बिनछपराची गाडी तीसच्या वेगाने चाललेली दिसेल. खुब्याला हिसका बसू नये म्हणून ती खड्ड्याआधी जवळजवळ थांबते. तुम्ही जाणकार असाल, तर काच खाली करून 'अंकलजी, पहिये गलत हैं' असं ओरडण्याचा मोह होईल. कृपा करून ओरडू नका. हॉर्नही देऊ नका. दोन मिनिटं मागे थांबा, आणि त्यांना जाऊ द्या.