निषेधाचं शून्य

देवाजीबाबांना कोणी ‘राम राम’ घातला, तरी ते विचारत, "कायले?" लग्नाचं आमंत्रण द्यायला गेलं, तरी "कायले?" आमच्याकडे ‘कशाला’ला सगळेच ‘कायले’ म्हणतात, पण त्या शब्दाला इतकं राबवलं ते यांनीच. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं आमचं गाव त्यांना कायलेबाबाच म्हणे. एकदा डॉक्टरांनी जीभ दाखवा म्हटलं, तर हे म्हणाले, "कायले?" तेवढ्यात डॉक्टरांनी जीभ पाहून घेतली.

मी नागपूरला एम.ए.ला गेले. घरातली मी पहिली पदवीधर. वडिलांना माझ्या विषयाचं नाव नीट येत नसे, म्हणून ते सगळ्यांना ‘मोठं अर्थशास्त्र’ सांगत. देवाजीबाबांचं तेवढ्याने भागलं नाही.

"का शिकून राहिली व?"

"पर्यावरणाचं अर्थशास्त्र. जंगल, तलाव यांची किंमत काढतात, बाबा."

"कायले? कोनी इकून राहिला का?"

मी पुस्तक उघडून पाहिलं. उत्तर लगेच सापडलं नाही.

शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी मी गावचाच तलाव घेतला. घरोघरी विचारायचं, तलाव टिकावा म्हणून तुम्ही वर्षाला किती पैसे किंवा कामाचे किती दिवस द्याल, आणि का? देवाजीबाबांचं घर तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून. ते वगळून चालणार नव्हतं.

"कायले देऊ? तलाव पळून जाऊन राहिला का?"

मी शून्य लिहिलं. प्रकल्पाच्या सरांनी त्याभोवती लाल गोल काढला. "याला निषेधाचं शून्य म्हणतात. त्यांना तलाव नको असं नाही, तुमचा प्रश्न नको आहे. पुन्हा जा. त्याशिवाय प्रकल्प घेणार नाही."

मी पुन्हा गेले. त्यांनी उकडलेले शिंगाडे पुढे ठेवले. "आज मन नाई. उद्या ये." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनीच माझी मुलाखत घेतली. होस्टेलात भाजी कोण करते, नागपुरात पोहायला तलाव आहे का, पोरी रडतात का. चौथ्या दिवसापासून मी पोचायच्या आधीच अंगणात दोन स्टुलं मांडलेली असत.

शेवटी मी म्हणाले, "बाबा, परवा फॉर्म द्यायचा आहे. नाहीतर मी नापास."

त्यांनी एक शिंगाडा सोलायला घेतला. "पैशात नाई सांगत. दिवस लिही. गाळ काढाले बारा दिवस येतो."

बाकीचे सगळे एक-दोन दिवसांवर थांबले होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "बारा? कायले?"

हा प्रश्न त्यांना कधी कोणी विचारलाच नसावा. सोललेला शिंगाडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"गाळाच्या कामाले लोकं येतात ना व. सावलीत बसून संगं शिदोरी सोडतात. घरी का हाय? म्हातारी गेली, पोरगं सुरतेले."

कारणाच्या रकान्यात सिंचन, मासे, गुरांचं पाणी असे पर्याय छापले होते. मी ‘इतर’वर खूण केली आणि फॉर्म पिशवीत घातला.

"झालं?"

"झालं, बाबा."

"म्हंजे आता उद्या नाई."

"येते ना उद्या," मी म्हणाले, आणि सवयीने ‘कायले?’ची वाट पाहत थांबले.

त्यांनी विचारलं नाही. आपलं स्टूल उचलून ते आत गेले. माझं तिथंच राहू दिलं.